बांगलादेश बघायचा तर समुद्राकडून वर चढत जा

प्रश्न थोडक्यात असा. नाशिकचं एक जोडपं, दोघंही निवृत्त. सह्याद्रीतले गड, अजिंठा-वेरूळ, बदामी-हंपी बघून झालं. नेपाळ, भूतान आणि श्रीलंकाही झालं. आता थंडीत बारा दिवस बांगलादेशाला जायचं मनात आहे. निसर्ग आणि इतिहास दोन्ही हवं. पण ज्याला सांगावं तो विचारतो, "तिथं आहे काय बघण्यासारखं?" काय बघावं, काय सोडावं, खाण्यापिण्याचं काय, आणि ताईंच्या गुडघ्यांना हे सगळं झेपेल का?

चौदा वर्षं मी आठ-दहा जणांचे छोटे गट घेऊन तिकडे जातो आहे. म्हणून आधी सरळ उत्तर: जा. बारा दिवस पुरतात, पण अख्ख्या देशाला नाही पुरत. सुंदरबनापासून सुरुवात करा आणि उत्तरेला दिनाजपूरपर्यंत चढत जा. सिल्हटचे चहामळे आणि कॉक्स बाजारचा किनारा या खेपेला सोडून द्या. हा क्रम का, ते एकदा ध्यानात आलं की पुढचं नियोजन तुम्ही स्वतःच कराल.

तुम्ही दगडाच्या मुलखातली माणसं. आपल्याकडे घराच्या जोत्यापासून गडाच्या बुरुजापर्यंत सगळं काळ्या पाषाणात. जुनं म्हटलं की आपली नजर नकळत दगड शोधते. बांगलादेशात ती नजर उपाशी राहते, आणि मग माणूस म्हणतो, "इथे काही उरलेलंच नाही." हा देश बहुतेक सगळा गंगा, ब्रह्मपुत्रा आणि मेघना यांनी आणून टाकलेल्या गाळाचा आहे. गावोगावी रस्त्याच्या कडेला विटांचे ढीग दिसतात आणि शेजारी बसून माणसं हातोड्याने त्या विटांची खडी फोडत असतात. त्या खडीला तिकडे 'खोआ' म्हणतात. स्लॅबमध्ये घालायला खडी नाही, म्हणून आधी माती भाजून वीट करायची आणि मग ती वीट फोडून खडी करायची. हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी कितीतरी वेळ तिथेच उभा राहिलो होतो.

माझी पहिली खेप मी पुरती चुकवली होती. दहा दिवसांत तेरा ठिकाणं बसवली होती. पूल व्हायच्या आधीचे दिवस. पद्मा, म्हणजे तिकडची गंगा, ओलांडायला फेरीबोट लागायची. जानेवारीतल्या एका रात्री घाटावर असं धुकं उतरलं की सगळ्या फेऱ्या थांबल्या. आम्ही अकरा माणसं रात्रभर बसमध्ये कुडकुडत बसलो आणि पुढची दोन ठिकाणं बुडाली. पहाटे धुकं विरळ झालं तेव्हा घाटाला लागलेल्या होड्या दिसायला लागल्या. काठापर्यंत विटांनी भरलेल्या, पाण्यापासून जेमतेम वीतभर वर. पाण्याने माती आणली, मातीची वीट झाली, ती वीट पुन्हा पाण्यावरूनच पुढे चालली होती. विहार, मशिदी, मंदिरं हे सगळं याच व्यवहारातून उभं राहिलंय, हे मला त्या घाटावर कळलं. तेव्हापासून मी यादी धरून फिरवणं बंद केलं.

समुद्राकडून वर का, तेही याच मातीत आहे. दक्षिणेची जमीन कोवळी. सुंदरबनात ती आजही रोज घडते आणि रोज ढासळते. त्याच्या वर बागेरहाट, पंधराव्या शतकात जंगल तोडून वसवलेलं. आणखी वर, पद्मेपलीकडे वरेंद्रभूमी लागते. तिला बरिंद म्हणतात. ही जुन्या गाळाची, लालसर, चिवट, आजूबाजूपेक्षा उंच जमीन. पूर सहसा तिच्यावर चढत नाही. म्हणून देशातलं एक फार जुनं नगर आणि मोठा विहार तिथे सापडतात. खालून वर गेलात की जमीनही जुनी होत जाते आणि इतिहासही; शेवटचं दिनाजपूरचं मंदिर तेवढं अलीकडचं. उलट केलंत, तर बोगुड्याजवळचं प्राचीन महास्थान बघून आल्यावर सुंदरबन म्हणजे नुसती नौकाविहाराची सहल वाटते. मी दोन्ही करून बघितलं आहे.

ढाक्यात दीड दिवस द्या, जास्त नको. शहर गर्दीचं आहे आणि अंतरं वेळ खातात. पण लालबागचा किल्ला चुकवू नका, आणि तो का चुकवायचा नाही ते मराठी माणसाला वेगळं सांगायला नको, कारण त्याचा धागा थेट पुण्याच्या लाल महालात जातो. १६६३ च्या एप्रिलमध्ये महाराजांनी छापा घातला, शाहिस्तेखानाची बोटं गेली, त्याचा मुलगा अबुल फतह मारला गेला. आपली गोष्ट तिथे संपते. पुढे औरंगजेबाने खानाला बंगालच्या सुभ्यावर धाडलं आणि मधला थोडा काळ सोडला तर १६८८ पर्यंत त्याने तिथेच कारभार केला. लालबागचं काम १६७८ मध्ये औरंगजेबाचा मुलगा आझम याने सुरू केलं. तो परत गेला आणि काम शाहिस्तेखानाकडे आलं. १६८४ मध्ये खानाची मुलगी परीबीबी वारली. त्यानंतर त्याने किल्ला पुरा केला नाही. तिची कबर आवाराच्या मधोमध आहे. आतल्या भिंतींना संगमरवर लावलाय, आणि छताला काळा पाषाण, राजमहालच्या टेकड्यांतून आणलेला. विटांच्या देशात खानाने लेकीसाठी एवढ्या लांबून दगड आणवला. लाल महालात गमावलेला मुलगा आणि इथली ही मुलगी, दोन्ही एकाच बापाची, हे त्या खोलीत उभं राहिल्यावर मनात आल्यावाचून राहत नाही.

संध्याकाळी सदरघाटावर जा. लाँच सुटायच्या वेळी बुढीगंगेवर एका छोट्या होडीत अर्धा तास बसा. त्या अर्ध्या तासात नदी या लोकांची कोण लागते ते कळतं.

दुसऱ्या दिवशी खुलना. २०२२ च्या जूनमध्ये पद्मा पूल खुला झाला. ६.१५ किलोमीटरचा पूल, वर रस्ता आणि खाली रेल्वे. आता घाटावर रात्र काढावी लागत नाही. चार-पाच तासांत पोहोचता. पूल ओलांडताना गाडीत झोपू नका एवढंच सांगेन.

सुंदरबनासाठी तीन दिवस, दोन रात्री. यात काटछाट करू नका. खुलना किंवा मोंगलाहून बोट सुटते, झोपणं-जेवण बोटीवरच, आणि सोबत वनखात्याचा बंदूकधारी रक्षक असतो. एका दिवसात करमजलपर्यंत नेऊन आणणारेही भेटतील; ते म्हणजे उंबरठ्यावरून परत येणं. कटका आणि कचिखालीपर्यंत, समुद्राच्या तोंडापर्यंत, जा.

हे सगळं मिळून सुमारे दहा हजार चौरस किलोमीटरचं जंगल आहे. त्यातला साधारण साठ टक्के भाग बांगलादेशात. १९९७ पासून तिथली तीन अभयारण्यं जागतिक वारशाच्या यादीत आहेत. कोकणात तुम्ही खाडीतली कांदळवनं बघितली असतील. तीच जात, पण डोळ्यांत मावणार नाही एवढी. सुंदरी, गेवा, गरान, केओडा (आपला केवडा नव्हे) ही झाडांची नावं बोटीवरच्या पोराकडून शिकून घ्या. ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि त्यातून वर आलेली हजारो श्वासमुळं दिसतात, जणू कुणी खिळे उलटे ठोकून ठेवलेत. चिखलात हवा नसते, म्हणून मुळं वर येऊन श्वास घेतात. जोआर म्हणजे भरती, भाटा म्हणजे ओहोटी, खाल म्हणजे खाडीचा फाटा. हे तीन शब्द पाठ करून ठेवा, कारण बोटीचं सगळं वेळापत्रक त्यांच्यावर चालतं. घड्याळ बघून कधी निघायचं असं विचारलंत तर उत्तर मिळत नाही.

पहाटे मोठी बोट नांगरून ठेवतात आणि हातवल्ह्याच्या होडीतून खालात नेतात. ती एक-दीड तासाची फेरी हेच सुंदरबन. बोलायचं नाही, हा नियम मी गटाला आदल्या रात्रीच सांगतो. मागच्या खेपेला कटक्याला वल्हेकऱ्याने अचानक वल्हं आडवं धरलं आणि काठ दाखवला. चिखलात पाण्यापासून वर जाणारी पावलं उमटली होती, माझ्या तळहाताहून मोठी. एका पावलाच्या खड्ड्यात पाणी अजून झिरपत होतं, भरलं नव्हतं. कुणी काही बोललं नाही. वाघ दिसला नाही आणि कुणाला चुकल्यासारखंही वाटलं नाही. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या गणनेत बांगलादेशाच्या बाजूला १२५ वाघ मोजले गेले. एवढ्या जंगलात एवढे वाघ, तेव्हा दर्शनाची आशा धरून जाऊच नका. चितळ मात्र कटक्याला भरपूर. नदीत डॉल्फिन, आणि खंड्या किती जातींचे ते मोजत राहाल.

मध काढणाऱ्यांना तिथे मौआल म्हणतात. ते एप्रिलमध्ये जंगलात शिरतात, आणि शिरण्याआधी हिंदू असो की मुसलमान, बोनबीबीला हात जोडतात. जंगलाची ही देवी दोघांचीही. तिची लहान देवळी किनाऱ्यावर दिसली तर चपला काढून दोन मिनिटं थांबा.

सुंदरबनातून बाहेर आलात की बागेरहाट जवळच आहे, आणि तो लगेच बघायचा, कारण तो जंगलाच्या कडेला जंगल तोडूनच वसवलेला आहे. खान जहान नावाच्या सरदाराने पंधराव्या शतकात हे नगर उभं केलं, तेव्हाचं नाव खलिफाताबाद. त्याच्या कबरीवर त्याच्या मृत्यूचं साल कोरलंय, आपल्या कालगणनेत १४५९. तलाव खणले, त्यांच्या मातीच्या विटा पाडल्या, विटांच्या मशिदी बांधल्या. खारट मुलखात गोड पाण्याचा साठाही झाला आणि बांधकामाचा मालही. षाट गोम्बुज म्हणजे साठ घुमटांची मशीद. प्रत्यक्षात छतावर घुमट सत्याहत्तर आहेत आणि साठ आहेत ते आतले खांब. सुमारे ४८ मीटर लांब आणि ३३ मीटर रुंद. खांब दगडी, सडपातळ, आणि त्या बारीक खांबांच्या रांगांतून बघताना जंगलात उभं असल्यासारखं वाटतं. मधल्या ओळीत वर नीट बघा: तिथले सात घुमट गोल नाहीत, ते बंगाली झोपडीच्या चौपाखी छपरासारखे आहेत. बांबू-गवताचं छप्पर विटेत आणलंय.

भिंतीला बोट लावून बघा, पांढरी भुकटी येईल. लोणा. आपल्याकडे जुन्या वाड्यांच्या भिंतींना लागतो तसाच, पण इथे भूजलच खारं असल्याने तो सतत वर चढत राहतो. सुंदरबनात ज्या खाऱ्या पाण्याने जंगल जगतं, तेच पाणी इथे सहाशे वर्षांची वीट आतून खातं.

खुलन्याहून राजशाहीला रेल्वेने जा. गाडी पाक्शीजवळ हार्डिंज पुलावरून पद्मा ओलांडते. हा पूल १९१५ चा. १९७१ च्या युद्धात त्याची एक कमान पडली होती, ती पुन्हा बांधली. वाटेत कुष्टिया भागात उतरून छेउडियाला लालन फकिराच्या समाधीपाशी एक संध्याकाळ काढता आली तर काढा. लालन हे बाऊल संतकवी, १८९० मध्ये गेले. बाऊल, म्हणजे बंगालचे भक्तिगीतं गाणारे फकीर, तिथे रोज संध्याकाळी गात बसलेले असतात. तुम्हाला वारकरी अभंगांची सवय आहे, म्हणून शब्द न कळताही तुम्ही तिथून लवकर उठणार नाही. राजशाहीत वरेंद्र संशोधन संग्रहालय, १९१० साली स्थापन झालेलं, दोन तास; आणि जवळच पुठियाला तळ्याकाठची मंदिरं, अर्धा दिवस. पुठिया सुंदर आहे, पण दिनाजपूरच्या कांतजीउ मंदिराची तहान त्याने भागत नाही, म्हणून तिथे रेंगाळू नका.

आता पाहाडपूर. नावातच पहाड आहे. सपाट भातखाचरांत एक टेकाड दिसायचं, म्हणून लोकांनी गावाला पाहाडपूर म्हटलं. खणल्यावर ते टेकाड म्हणजे मातीखाली गेलेलं मंदिर निघालं. आठव्या शतकाच्या अखेरीस पाल राजा धर्मपालाने उभारलेला सोमपूर महाविहार तो हाच. मधे क्रूसाच्या आकाराचं, टप्प्याटप्प्याने चढत जाणारं मंदिर, आणि चहूबाजूंनी जवळपास २८० मीटर लांबीच्या भिंतींत भिक्षूंच्या १७७ खोल्या.

तुम्ही अजिंठा बघितलाय, म्हणून एक करून बघा. अजिंठ्याच्या विहारात मधे सभामंडप आणि कडेने खोल्या. डोंगर आतून पोखरत गेलेले. इथेही कडेने खोल्याच, पण मधे आभाळ. आपल्याकडे नको तेवढा दगड काढून टाकला की विहार उरला. इथे पोखरायला डोंगरच नव्हता, तेव्हा वीट भाजून भाजून डोंगर रचावा लागला. एकाच धर्माचे लोक, एकच दिनक्रम, पण हाताखालच्या जमिनीने काम उलटं करून घेतलं. उत्तरेकडच्या दाराने आत जा आणि लगेच मंदिराकडे धावू नका. आधी खोल्यांच्या ओळीने एक पूर्ण फेरी मारा. किलोमीटरभराहून थोडं जास्त चालणं आहे, सपाट. खोल्यांचे उंबरठे झिजलेले आहेत.

मंदिराच्या भिंतीवर भाजलेल्या मातीच्या फलकांची ओळच्या ओळ आहे. सापडलेले फलक दोन हजारांहून जास्त. देवदेवता आहेत, पण त्यांच्यापेक्षा मला बाकीचे आवडतात: काठी टेकत चाललेला हाडकुळा साधू, मूल कडेवर घेतलेली बाई, ढोलकीवाला, मुंगूस, मासे, पंचतंत्रातल्या गोष्टी. दगडात कोरायला वर्ष लागतं आणि कोण कोरणार, काय कोरणार हे वरचे ठरवतात. ओल्या मातीत कुंभाराचा हात भरभर चालतो, आणि त्याला दारातून जाताना जे दिसलं ते तो उमटवतो. हा माझा समज आहे, पण त्या भिंतीपुढे तासभर बसाल तर तुम्हालाही तसंच वाटेल. जोत्याला मात्र त्रेसष्ट दगडी मूर्ती बसवल्या होत्या आणि त्यातली फक्त एक बौद्ध, पद्मपाणीची. बाकी सगळ्या हिंदू देवतांच्या, बौद्ध विहाराच्या पायाला.

आणि एक गोष्ट, जी तिथला कोणी गाइड सांगणार नाही. १९२३ मध्ये इथलं पद्धतशीर उत्खनन सुरू झालं ते देवदत्त रामकृष्ण भांडारकरांच्या देखरेखीखाली. ते रा. गो. भांडारकरांचे चिरंजीव, तेव्हा कलकत्ता विद्यापीठात होते. पुढे राखालदास बॅनर्जींनी काम केलं, आणि त्यानंतर वर्षानुवर्षं हे टेकाड उलगडत नेलं ते काशीनाथ नारायण दीक्षितांनी, मूळ पंढरपूरचे. त्यांचा अहवाल १९३८ मध्ये निघाला. आजही पाहाडपूरवर बोलायचं तर तोच आधी उघडावा लागतो. त्याच टेकाडात त्यांना इसवी सन ४७९ चा एक ताम्रपट मिळाला. एका ब्राह्मण दांपत्याने तिथल्या जैन विहाराला जमीन दिल्याची नोंद त्यात आहे. म्हणजे बौद्ध विहाराच्या आधी जैन विहार, त्याला दान देणारे ब्राह्मण. विठोबाच्या गावचा माणूस हे वाचत होता.

पाहाडपूरहून बोगुडा दोन तासांच्या आत. महास्थानगड हे नाव ऐकून चढाईची तयारी करू नका. आपला गड डोंगरावर असतो. हा करतोया नदीकाठी, शेतांच्या थोडा वर, मातीच्या तटाचा मोठा चौकोन आहे, लांबी दीड किलोमीटरच्या आसपास. हेच प्राचीन पुंड्रनगर. १९३१ मध्ये इथे दगडाचा एक छोटा तुकडा सापडला, त्यावर मौर्यकाळातल्या ब्राह्मीत काही ओळी. वाचून छापल्या पुन्हा भांडारकरांनीच. आशय असा: संकटात लोकांना कोठारातून धान्य आणि पैसे द्या, आणि सुगी आली की कोठार पुन्हा भरून घ्या. सव्वादोन हजार वर्षांपूर्वीचा दुष्काळनिवारणाचा हुकूम. आपल्या तगाई-कर्जमाफीच्या मुलखातल्या माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही.

तटावर उभं राहून करतोया शोधा. ओढ्याएवढी दिसेल. एकेकाळी ही मोठी नदी होती. १७८७ च्या पुरात तिस्तेने पात्र बदललं, ती ब्रह्मपुत्रेला जाऊन मिळाली आणि करतोयेचं पाणी आटलं. नगर त्याआधीच ओस पडत गेलं होतं, पण नदीसुद्धा सोडून जाऊ शकते हे इथे डोळ्यांनी दिसतं. जवळचा गोकुळ मेढ, विटांचं एक प्राचीन टेकाड, चढायला थोड्या पायऱ्या आहेत, तो ऐच्छिक. बोगुड्याचं मडक्यातलं गोड दही मात्र ऐच्छिक नाही.

शेवटचा मुक्काम दिनाजपूर, कांतजीउ मंदिर. महाराजा प्राणनाथांनी सुरू केलं, त्यांच्यामागे रामनाथांनी १७५२ मध्ये पुरं केलं. तीन मजल्यांवर नऊ शिखरं होती. १८९७ च्या भूकंपात सगळी कोसळली. खरं सांगतो, शिखरं गेली त्याचं दुःख तिथे फार वेळ टिकत नाही, कारण जोत्यापासून माथ्यापर्यंत बोटभर जागा रिकामी नाही. रामायण, महाभारत, कृष्णाचं बालपण. आणि सगळ्यांत खालच्या ओळींत, आपल्या गुडघ्याच्या उंचीवर, त्या काळातली माणसं: शिकारीला निघालेले स्वार, हत्ती, हुक्का ओढणारा अमीर, वल्हवणाऱ्यांनी भरलेली लांबच लांब नाव. गुडघे दुखत असतील तर सोबत घडीचं स्टूल घ्या, कारण खरी मजा खाली आहे. मी एकदा एका नावेतले वल्हेकरी मोजत बसलो होतो. मोजताना लक्षात आलं की एकाचंही तोंड दुसऱ्यासारखं नाही. एक जण वल्हं सोडून मागे वळून बघतोय.

इथल्या देवाचीही वहिवाट पाण्याची. कांतजी म्हणजे कृष्ण. जन्माष्टमीच्या सुमाराला मूर्ती नावेत बसून दिनाजपूरच्या राजवाड्यात जाते आणि रासपौर्णिमेच्या आधी मंदिरात परत येते. दुतर्फा नदीकाठी लोक उभे असतात. तुमच्या तारखा कार्तिकी पौर्णिमेनंतरच्या असतील तर मूर्तीही असेल आणि मेळाही. तिथून सैदपूरला जा आणि विमानाने ढाका.

जे सोडायला सांगितलं त्याबद्दल दोनच वाक्यं. सिल्हट भागात श्रीमंगल, लाउआछडाचं हुलॉक गिबनचं जंगल, टांगुआर हाओरची पाणथळ ही स्वतंत्र आठवड्याची सहल आहे. कॉक्स बाजारचा किनारा १२० किलोमीटर लांब आहे हे खरं, पण कोकणातल्या माणसाशेजारी राहणाऱ्याने त्यासाठी चार दिवस घालवावेत असं मला वाटत नाही.

व्यवहाराचं. व्हिसा लागतोच. ऑगस्ट २०२४ मधल्या सत्तापालटानंतर व्हिसा, रेल्वे आणि एकूण ये-जा यांत बरेच बदल झाले. कोलकाता-ढाका मैत्री एक्स्प्रेस जुलै २०२४ मध्येच थांबली होती. म्हणून आधी परराष्ट्र मंत्रालयाच्या सूचना आणि व्हिसा केंद्राची स्थिती बघा, व्हिसा हातात पडू द्या, तिकीट त्यानंतर. परिस्थिती नीट वाटली नाही तर वर्षभर थांबा. मी स्वतः गटांच्या तारखा पुढे ढकलल्या आहेत. काळ नोव्हेंबरचा मध्य ते डिसेंबरअखेर सगळ्यांत चांगला. जानेवारीत धुकं. जून ते ऑगस्ट सुंदरबन पर्यटकांना बंद असतं. साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवार, पण पुरातत्त्व खात्याची ठिकाणं बहुधा रविवारी बंद आणि सोमवारी अर्धा दिवस. लालबाग रविवारी येणार नाही अशी आखणी करा. तिकिटाला सार्क देशांच्या नागरिकांचा कमी दर असतो, पासपोर्ट जवळ ठेवा. सुंदरबनाच्या परवान्यासाठी पासपोर्टची प्रत बोटवाल्याला आधीच द्यावी लागते.

शाकाहाराची काळजी करता तेवढी नको. भात, डाळ, भाज्या आणि भर्ता सगळीकडे. भर्ता म्हणजे आपलं भरीतच, फक्त वांग्यापुरतं थांबत नाही. बटाटा, भोपळा, शेंगा, सगळ्याचं करतात, वर कच्चं मोहरीचं तेल. "मासे-मांस काहीच नको, अंडंही नको" असं तोडून सांगा, कारण मासा भाजीतच मोडतो असं समजणारे पुष्कळ. थंडीत खजुराच्या रसाचा ताजा गूळ मिळतो, त्याच्याबरोबर तांदळाच्या पिठाचा, वाफेवरचा भापा पिठा. पाणी बाटलीचंच प्या. मागायला सोपं आहे. पलीकडे पश्चिम बंगालात 'जॉल' म्हणतात, इथे बहुतेक जण 'पानी'. आपला शब्द जसाच्या तसा चालतो. पुरुषांना 'भाई', बायकांना 'आपा', हिंदू घरात 'दादा' आणि 'दीदी'.

कुठून आलात विचारलं की महाराष्ट्र म्हणा, पण एक ठाऊक असू द्या. १७४० च्या दशकात नागपूरकर भोसल्यांच्या फौजांनी बंगालवर स्वाऱ्या केल्या. जास्त झळ पश्चिमेकडच्या भागाला लागली, तरी 'बर्गी' हा शब्द, आपला बारगीर, सगळ्या बंगालच्या अंगाईगीतात जाऊन बसला. पोर झोपलं, पाडा निजला आणि बर्गी देशात आले, असं आया आजही म्हणतात. एखाद्या आजीने हसून तो शब्द उच्चारला तर तुम्हीही हसा, आणि ती अंगाई तिच्याकडून पुरी ऐकून घ्या. मी दिनाजपूरला ऐकली आहे.

ताईंच्या गुडघ्यांचं. स्मारकांवर चढण फार थोडी; पाहाडपूरचा माथा आणि गोकुळ मेढ दोन्ही खालून बघितले तरी चालतात. खरी अडचण सुंदरबनात आहे: मोठ्या बोटीवरून छोट्या होडीत उतरायची शिडी आणि कटक्याचा निसरडा चिखल. बोट ठरवतानाच शिडीला कठडा आहे का ते विचारा आणि त्याचा फोटो मागवा. घट्ट बसणारे रबरी बूट, हातात काठी. कांतजीउला दुपारी साडेतीनच्या आत पोहोचा. त्या वेळी ऊन पश्चिमेच्या भिंतीवर तिरपं येतं आणि प्रत्येक आकृतीची सावली शेजारच्या विटेवर पडते. वरचे मजले बघायला दुर्बीण न्या, सुंदरबनात पक्ष्यांसाठी घेतलेलीच चालेल.